दाखलसाहेबांची अपुरी यादी

आमच्या ह्यांना वाचनालयात सगळे दाखलसाहेब म्हणायचे. तोंडावर आदराने, पाठीमागे हसून. चौतीस वर्षं ह्यांनी एकाच खोलीत काम केलं. जिन्याखालून वाकून आत गेलं की ती खोली. तिला खिडकी होती, पण खिडकीपुढे कपाट उभं केलेलं होतं, कारण तिन्ही भिंती आधीच कपाटांनी भरल्या होत्या. नवं पुस्तक आलं की ते आधी ह्यांच्या टेबलावर जायचं. तिथे त्याला दाखल क्रमांक मिळायचा, शिक्का बसायचा, तीन कार्डं लिहिली जायची, पाठीवर चिठ्ठी चिकटायची, आणि डिंक वाळला की मगच ते वाचकाच्या हातात पडायचं. दाखल झाल्याशिवाय पुस्तक बाहेर जाणार नाही, हा ह्यांचा नियम. एकदा वाचनालयाच्या अध्यक्षांनाच एक नवं पुस्तक हवं होतं. ह्यांनी अकरा दिवस दिलं नाही. अध्यक्षांनी कंटाळून ते दुकानातून विकत आणलं, वाचलं, आणि वाचून झालेली प्रत वाचनालयाला भेट दिली. तीही ह्यांनी रीतसर दाखल करून घेतली. ही गोष्ट हे अजून पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुणे नेमके कुणाला हसतायत हे ह्यांना अजून कळलेलं नाही.

मी नर्स होते, अपघात विभागात. आमच्याकडे माणूस रक्ताळलेला आला की आधी जखम दाबून धरायची आणि नाव-गाव मागाहून विचारायचं. तेव्हा आमचा संसार कसा झाला असेल ते तुम्हीच समजा. मुलीला पहिल्यांदा ताप भरला तेव्हा मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत होते आणि हे तापाचा तक्ता आखत होते. तक्ता सुंदर झाला होता, हे मान्य करायला हवं.

त्या मुलीला घरात अजून आम्ही चिऊ म्हणतो. चिऊ आता चौतीस वर्षांची आहे, आमच्याबरोबरच राहते आणि एका विमा कंपनीत तक्रार विभागात काम करते. लोकांची चिडलेली पत्रं येतात, त्यांना ती उत्तरं लिहिते. तुम्हाला वाटेल, हे काय काम! पण तिला ते मनापासून आवडतं. एका म्हातारीने तिला चार वर्षांत एकोणीस तक्रारी पाठवल्या आणि विसाव्या पत्रात चिऊच्या तब्येतीची चौकशी केली. अकरा वर्षं ती त्या खुर्चीवर बसते आहे. बाकी आयुष्यात तिच्या फार काही मनासारखं घडलं नाही, पण ती खुर्ची तिची होती.

मग एके दिवशी कंपनीने उत्तरं लिहिणारं यंत्र आणलं. कृत्रिम बुद्धिमत्ता. विभागात सत्तावीस माणसं. त्यांना सांगण्यात आलं, दहा आठवड्यांनी सगळ्यांची परीक्षा होईल. हे यंत्र शिकतं कसं, चुकतं कुठे, त्याच्या उत्तरावर कितपत विसंबायचं, हे ज्यांना समजलं असेल ते त्याच्यावर देखरेखीला राहतील. ज्यांना समजलं नसेल त्यांना कंपनी 'नव्या वाटा शोधायला शुभेच्छा' देणार होती.

चिऊ घरी आली ती चपला न काढताच ह्यांच्यासमोर बसली.

"बाबा, मी दुपारी शोधून पाहिलं. शिकवणारे इतके आहेत की डोकं गरगरायला लागलं. एक म्हणतो आधी गणित शिका, दुसरा म्हणतो गणिताची गरजच नाही. एक बाई सात दिवसांत तज्ज्ञ करून देते. कुठून सुरुवात करू?"

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला लग्नानंतरचे दिवस आठवले. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात ह्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांना नंबर दिले होते, किल्ल्यांची तालिका केली होती, आणि मी नसताना माझ्या औषधांचं वर्गीकरण केल्याबद्दल माझ्याकडून भरपूर ऐकून घेतलं होतं. आता कुणीतरी स्वतःहून ह्यांच्याकडे यादी मागत होतं.

"कुठूनही सुरू करू नकोस," हे म्हणाले. "पाया कच्चा राहतो. मला दोन आठवडे दे. जे जे चांगलं आहे ते निवडून, तपासून, लावून देतो. मग डोळे मिटून शिक."

चिऊने मान हलवली. लहानपणी शाळेचं पुस्तक हे कव्हर घालून, नाव घालून, अनुक्रमणिका तपासून द्यायचे, तोवर ती शांतपणे वाट पाहायची. तिच्यात चिकाटी ह्यांची आली आहे. माझ्याकडून फक्त नाक आलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचं कार्यालय झालं. हे आधी कार्डावर लिहायचे आणि मग संगणकात घालायचे. प्रत्येक कोर्सला, प्रत्येक व्हिडिओला, प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक. शिकवणारा कोण, वर्ष कुठलं, एकूण तास किती, आधी काय येत असायला हवं, मध्ये जाहिराती किती. आणि खाली एका ओळीत शेरा. 'आवाज स्वच्छ, अक्षर गचाळ.' 'विद्वान आहेत, पण श्वास घेत नाहीत.' 'पहिल्या धड्यात आश्वासन, पाचव्या धड्यात विक्री.' शेरे वाचून मला हसू यायचं. माणूस तसा रुक्ष, पण शेऱ्यात फुलायचा.

संगणकात घालायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न देवघेवबाईंनी सोडवला. त्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायच्या, निवृत्त झाल्यावर एका फिरायला जाणाऱ्या मंडळाची वेबसाइट चालवतात. तीस वर्षं ह्यांची आणि त्यांची रोज भांडणं. डिंक न वाळलेली पुस्तकं त्या ह्यांच्या पाठीमागे वाचकांना देऊन टाकायच्या. पण वेबसाइट बनवून देणारं ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हे नाक मुठीत धरून गेले. त्यांनी एका दुपारीत साइट उभी करून दिली. ह्यांनी त्यावर स्वतःचं नाव घालू दिलं नाही. तालिका करणाऱ्याने आपलं नाव लावायचं नसतं म्हणे.

दोन आठवडे झाले. नोंदी सत्याऐंशी.

"द्या ना आता," मी म्हटलं.

"अगं, वर्गीकरण व्हायचंय. हा विषय गणितात घालायचा, यंत्रशास्त्रात की तत्त्वज्ञानात, हेच ठरत नाहीये."

हे ठरायला नऊ दिवस लागले. त्यात मध्येच लक्षात आलं की काही लिंका मेल्या आहेत. मग दर शनिवारी सगळ्या लिंका उघडून जिवंत-मेलेल्या मोजायची पद्धत पडली. मेलेल्यांसाठी वेगळं रजिस्टर. मी अपघात विभागात इतकी वर्षं काढली, पण मेलेल्यांची इतकी निगा राखणारा माणूस पाहिला नव्हता.

चिऊ दर रविवारी विचारायची, "झाली का, बाबा?" आणि हे दर रविवारी म्हणायचे, "आलीच." सहाव्या रविवारी तिने जरा धीर करून म्हटलं, "जेवढी झाली आहे तेवढी द्या. निदान पहिलं एखादं."

"दाखल झाल्याशिवाय बाहेर नाही," हे म्हणाले. लाडाने म्हणाले, तेच तर वाईट. "तुला अर्धवट देऊ? तुला?"

आता ऐका, त्या काळात ऑफिसात काय चाललं होतं. हे मला मागाहून कळलं. चिऊच्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण तिसऱ्या आठवड्यातच म्हणाली होती, "अगं, एक साइट सापडली आहे. कुणी केली देव जाणे, पण सगळं निवडून ठेवलंय. आम्ही सगळे तीच बघतो. तुला पाठवू?" आणि आमच्या बयेने सांगितलं, "नको, माझे बाबा माझ्यासाठी करतायत." हे सांगताना तिला अभिमान वाटला असणार. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

दहा आठवडे संपले तेव्हा नोंदी चारशे बारा होत्या आणि उच्च विभाग लावायचा राहिला होता. चिऊ आदल्या दोन दिवसांत इकडचं तिकडचं काहीबाही वाचून परीक्षेला गेली. सत्तावीस जणांपैकी तीन नापास झाले. एक आलाच नव्हता. दुसऱ्याने नोकरी सोडायचं आधीच ठरवलं होतं. तिसरी आमची.

निकालाच्या दिवशी शेजारच्या मैत्रिणीने कीव येऊन तिला ती साइट उघडून दाखवली. एकच संधी अजून होती, तीन आठवड्यांनी. चिऊ वाचत गेली. 'विद्वान आहेत, पण श्वास घेत नाहीत' हा शेरा तिने वाचला आणि तिला कळलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा हे टेबलावर कार्डं लावत होते. तिने फोन त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, हे तुमचं आहे ना?"

ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि रंगच उडाला. "ही... ही लोकांना दिसते?"

"पहिल्या दिवसापासून. आमच्या अख्ख्या ऑफिसने ह्याच्यावर अभ्यास केला. सगळे पास झाले. मी नाही झाले."

आणि ह्या माणसाच्या तोंडून काय निघावं? "अपुरी असताना दिसत होती? अगं, उच्च विभाग रिकामा आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं भांडं मी ओट्यावर आपटलं. "अहो, पोरगी नापास झाली! परक्या सव्वीस माणसांना तुम्ही पोटभर वाढलंत आणि घरच्या माणसाला उपाशी बसवलंत. रिकामा विभाग कसला मोजताय?"

हे कार्डं गोळा करायला लागले. चिऊ मात्र खुर्ची ओढून शेजारी बसली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"जाऊ दे, आई. बाबा, आता सांगा, ह्यातलं मी कुठलं घेऊ? तीन आठवडे आहेत."

"प्राथमिक विभागात त्रेसष्ट आहेत."

"एक सांगा. तुम्ही स्वतः कुठलं शिकलात? कुठलं तुम्हाला समजलं?"

ह्यांनी हातातलं कार्ड उलटंसुलटं केलं. "मी तपासलेत सगळे. पहिली दहा मिनिटं, मधली पाच, शेवटची पाच."

"पण शिकलात?"

"नाही," हे म्हणाले. मग कार्ड खाली ठेवून, मला ऐकू येईल न येईल असं म्हणाले, "एकही नाही, चिऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे देवघेवबाईंकडे गेले. भांडायलाच गेले होते. साइट न विचारता उघडी का ठेवली म्हणून. मीही मागोमाग गेले, कारण भांडण रंगलं तर माझेही दोन शब्द होते, आणि ते बाईंच्या बाजूने होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, मला कपाटं लावता येत नाहीत. मला खिडकी उघडता येते. मी ती उघडली."

हे उठून निघालेच होते. दारात थांबले आणि ज्या माणसाने तीस वर्षांत ह्या बाईंना कामातलं काही विचारलं नव्हतं त्याने विचारलं, "सगळ्यात जास्त कुठलं जातं?"

बाईंनी संगणक पाहिला. "एकशे अठरा. बाकीचे सगळे मिळून जेवढे उघडले जात नाहीत तेवढं एकटं एकशे अठरा."

"शक्यच नाही," हे म्हणाले. कारण एकशे अठरावर ह्यांचा शेरा होता, 'मांडणी विस्कळीत. वक्ता मध्येच उठून जातो. शिफारस नाही, केवळ नोंदीसाठी.' कुणी एक म्हातारे गणिताचे शिक्षक, स्वयंपाकघरात फळा टांगून शिकवतात. बारा धडे. मध्येच कुत्रं भुंकतं, मध्येच ते म्हातारे उठून गॅस बारीक करून येतात. ह्यांनी तो कोर्स काढूनच टाकायचा असं तीनदा ठरवलं होतं. गाळलेल्यांचं रजिस्टर भरत आल्यामुळे राहून गेला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बापलेक त्या म्हाताऱ्यासमोर बसू लागले. एकशे अठरा, धडा पहिला. चिऊने सांगितलं होतं, "मी एकटी नाही बसणार. तुम्हीही शिकायचं." मला वाटतं ती तिने दिलेली शिक्षा होती. पण त्याचा परिणाम उलटाच झाला. ह्यांना काही म्हणता काही कळेना, आणि जे कळत नाही ते सोडून पुढे जाणं ह्यांच्या रक्तात नाही. मग चिऊला समजावून सांगावं लागे. आधी फळ्यावरचं, मग भाजीच्या पिशवीवर आकृत्या काढून, मग नुसतं हातवारे करून. ह्यांना चौथ्यांदा समजावताना तिला स्वतःला समजत होतं, हे मला ओट्यापाशी उभी राहूनही दिसत होतं.

"म्हणजे हे यंत्र," एकदा हे म्हणाले, "ढीगभर वाचतं, आणि पुढे कुठला शब्द यायचा त्याचा अंदाज बांधतं?"

"हो."

"आणि वाचलेलं समजलेलं असतं?"

"तसं सांगता येत नाही, बाबा. पण बोलतं असं की समजलंय असं वाटावं."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "अशी एक व्यक्ती माझ्या माहितीत आहे," म्हणाले. चिऊ हसली. निकालानंतर ती पहिल्यांदा हसली होती, आणि मी मुद्दाम पाठ फिरवली, नाहीतर माझे डोळे दिसले असते.

पण ह्या गतीने एक धडा दोन-तीन दिवस खायचा. तीन आठवडे संपले आणि नऊ धडे झाले होते. तीन राहिले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी चिऊ तयार होऊन दारात आली, आणि हे आतून एक कागद घेऊन आले. ह्यांच्या सुवाच्य अक्षरात, विभागप्रमुखांच्या नावे अर्ज. अभ्यासक्रमाचे तीन धडे अपूर्ण असल्याने परीक्षा आठ दिवस पुढे ढकलण्यात यावी, ही विनंती. खाली विषय, संदर्भ, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. मी पुढे झाले तो कागद फाडायलाच. चिऊने माझा हात धरला.

"बाबा," ती म्हणाली, "पुढे नाही ढकलत ते. आजच आहे."

"पण शेवटचे तीन महत्त्वाचे आहेत. त्यात तो चुका कशा पकडायच्या ते सांगणार आहे. नवव्याच्या शेवटी म्हणाला ना तो."

"म्हणाला. पण मला आज जायचंय."

मी ह्यांच्याबरोबर सदतीस वर्षं काढली आहेत. ह्या माणसाला अर्धवट काही हातातून सोडताना मी पाहिलेलं नाही. दाढी अर्धी झाली असताना भूकंप झाला तरी हे उरलेला गाल करूनच बाहेर येतील. दारात चिऊ उभी, हातात पिशवी, आणि समोर हे कागद धरून. मला राग आला होता आणि त्याच वेळी ह्यांची दयाही आली.

मग ह्यांनी अर्जाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली.

"जा," म्हणाले. "जेवढं झालंय तेवढ्यावर जा. चुकलं माझं, चिऊ. तुला पहिल्या दिवशीच पहिलं कार्ड द्यायला हवं होतं."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि जिना उतरून गेली.

दिवसभर ह्यांनी एकाही कार्डाला हात लावला नाही. जेवले नाहीत. टेबलाशी बसून दहावा धडा लावला, अर्ध्यातच बंद केला. "तिच्याशिवाय कळत नाही," म्हणाले. मी दोनदा चहा केला, दोन्हीदा गार झाला.

चार वाजता फोन वाजला. ह्यांनी उचलला. पलीकडून चिऊचा आवाज इतका मोठा होता की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "बाबा, झाले पास! एकसष्ट! खुर्ची राहिली माझी!"

"बरं," हे म्हणाले. "बरं. सावकाश ये."

फोन ठेवला. आणि हा माणूस, ज्याच्या डोळ्यांत मी त्याच्या आईच्या वेळीही पाणी पाहिलं नव्हतं, लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. मी जवळ गेले, पाठीवरून हात फिरवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत आनंद होता, आणि खरं सांगते, थोडी तक्रारही होती.

"अगं," म्हणाले, "नऊच धडे झाले होते."